दावं सोडल्यावर

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव दूरवर गेलं, आणि आमच्या भागातून काही बाहेर विकायचं म्हटलं की दाखला मिरचीचाच दिला जातो. अलीकडे मिरचीच्या जोडीला बकरीचं नाव ऐकू येतं. पंचायत समितीत जा, बँकेत जा, लग्नाच्या पंगतीत बसा, कोणी ना कोणी सांगतोच की बकरीपालनात पैसा आहे, सरकार अर्धा खर्च देतं, आखाती देशांत मटणाला मागणी आहे. मिरची गेली तशी बकरीही जाईल.

जाईलही. पण मिरचीचं पोतं ट्रकमध्ये टाकताना पोतं मागं वळून पाहत नाही. बकरी पाहते. ज्या बाईनं तिला बाभळीच्या शेंगा चारल्या, थंडीत पोत्याची झूल घातली, त्या बाईकडं ती मान वळवून ओरडते. हे ज्यानं एकदा पाहिलं, त्याला मिरचीचा दाखला पुरत नाही. मग एक प्रश्न उरतो, जो कोणत्याच योजनेच्या अर्जात विचारलेला नसतो. जे जनावर आपण विकायलाच पाळतो, त्याचं आपण काही देणं लागतो का? लागत असलो, तर ते देणं कुठपर्यंत? आपल्या दारापर्यंत, बाजारापर्यंत, की त्याच्या शेवटच्या घटकेपर्यंत?

हा प्रश्न विचारला की शहरातले काही लोक म्हणतात, एवढं वाटतं तर विकू नका. गावातले काही लोक म्हणतात, विकायचंच आहे तर एवढं कशाला वाटून घेता. मला दोन्ही उत्तरं सोपी वाटतात. आमच्या घरात जे चालायचं ते या दोन्हींच्या मधलं होतं.

आमच्या कोठ्यात बैलाची एक जोडी, एखादी गाय आणि पाच-सात बकऱ्या असायच्या. बैल आबाजीचे, बकऱ्या आजीच्या. त्या बेरारी जातीच्या, तांबूस अंगाच्या आणि काटक. आज बेरारी ही नोंदणी झालेली जात आहे. तेव्हा आम्हाला ती फक्त 'आपली बकरी' म्हणून माहीत होती. बकरी पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत देते. पाठी ठेवायच्या, बोकड विकायचे, हा आजीचा सरळ हिशोब. त्या बोकडाचं पुढं काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि तिनं कधी तसं नसल्याचा आव आणला नाही. पण विकण्याचेही तिचे नियम होते. व्यापारी आला की ती आधी विचारायची, "कापाले नेतं का पाळाले?" गाभण बकरीला गिऱ्हाईक आलं तर म्हणायची, "बापू, हिच्या पोटात जीव हाय. पाळाले नेत असशीन तं ने, नाई तं दुसरीकडं पाय." दुखण्यातून उठलेलं जनावर ती बाजारात पाठवायची नाही. दूर चालत न्यायचं असेल तर निघण्याआधी पाणी पाजायची. आणि सौदा पटला की दावं काढून घ्यायची. "दावं माह्यं इथंच रायते. तुह्यं तू बांध."

दावं न देण्याची ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे. लोक सांगतात की दाव्यासोबत घरची लक्ष्मी जाते, म्हणून ते ठेवून घ्यायचं. मला मात्र त्यात आणखी काही दिसतं. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं बांधलं की जनावर त्याच्या हवाली झालं, आता त्याची भूक-तहान त्याच्या माथी, हे चार माणसांत जाहीर होतं. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जायची ती डोळ्यांदेखत. घेणारा कोण, कुठला, कसा, हे आजीला माहीत असायचं. उमरेड, पवनी, नागभीड, एवढ्यातच तिचं सगळं जग होतं. वाईट वागणाऱ्या व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करायचं नाही.

तेव्हाही गुंतवणूक होती, फक्त तिला हे नाव नव्हतं. ज्याच्याकडं चार पैसे असायचे तो एखादी पाठ घेऊन गरिबाच्या घरी बटईनं ठेवायचा. सांभाळ त्या घरानं करायचा, दूध त्या घरानं खायचं, पिल्लं अर्धी अर्धी. बकरी मेली तर दोघांचंही नुकसान. या व्यवहारात लबाडी नव्हती असं नाही. मेलेल्या पिल्लावरून भांडणं व्हायचीच. पण पैसा लावणारा आणि हात राबवणारा, दोघांचं नफानुकसान एकाच जनावरात होतं. बकरी खंगली तर ती दोघांनाही दिसायची.

आणि तिसरा एक माणूस होता, ज्याचं ना जनावर होतं ना पैसा. गावची ढोरं चारणारा गायकी. आमच्याकडं हे काम बहुतेक गोवारी समाजाकडं. कोणाची गाय कुठं लंगडते, कोणती म्हैस कधी माजावर येते, हे मालकाच्या आधी त्याला कळायचं. दिवाळीला गायगोधनाच्या दिवशी त्याच्या ढालीची पूजा व्हायची, त्याला धान्य मिळायचं, आणि एरवी त्याला कोणी विचारायचं नाही. 23 नोव्हेंबर 1994 ला याच समाजाची माणसं आपल्या मागण्या घेऊन नागपुरात विधानभवनावर गेली आणि चेंगराचेंगरीत 114 जणांचा जीव गेला. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आज सीताबर्डीत आहे. त्या पुलावरून जाताना मला नेहमी वाटतं की जनावरांच्या धंद्याचा हिशोब मांडताना आपण दूध मोजतो, मांस मोजतो, कातडं मोजतो. चारणाऱ्याचे पाय कोणी मोजत नाही.

आता नवा हिशोब पाहू. 2021 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियान नव्या स्वरूपात आलं. त्यात 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या प्रकल्पाला 10 लाखांपर्यंत, तर 500 शेळ्या आणि 25 बोकडांच्या प्रकल्पाला 50 लाखांपर्यंत अनुदान आहे. म्हणजे खर्चाच्या निम्मं. त्याआधी 2020 मध्ये केंद्रानं 15,000 कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी काढला. दूध-मांस प्रक्रिया आणि पशुखाद्याच्या कारखान्यांना त्यातून व्याजात सवलत मिळते. 10 शेळ्या आणि 1 बोकड अशी लहान माणसासाठीची राज्याची योजनाही आहे. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्या भागात पाऊस चुकला की सोयाबीन जातं, धानाला भाव नाही, मिरचीवर रोग पडतो, तिथं दारात उभं असलेलं आणि गरज पडेल त्या दिवशी विकता येणारं धन म्हणजे बकरीच.

माझ्या पुतण्यानं अशाच शंभर बकऱ्यांच्या प्रकल्पाचा विचार केला. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला होता. जमीन सामाईक, म्हणून शेडसाठी माझी सही हवी होती. कागद घेऊन तो नागपूरला आला आणि तासभर आकडे सांगत बसला. किती वेत, किती पिल्लं, किती किलो, किती दिवसांत किती माल. मी म्हटलं, "माल नको म्हणू रे." तो हसला. "काकाजी, आता जमाना तसा नाई रायला. बकरी आता बिझनेस हाय. आपण नाई केला तं दुसरा करीन."

त्याचं खोटं नव्हतं. पण सही करण्याआधी मला माझं मन तपासायचं होतं, आणि ते तपासताना मला 2018 सालची गोष्ट आठवली.

त्या वर्षी जूनच्या शेवटी नागपूरच्या विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या शारजाला पाठवायचं ठरलं होतं. राज्यसभेचे तेव्हाचे खासदार डॉ. विकास महात्मे यांनी पुढाकार घेतला होता. मेंढपाळ धनगरांना दलालाच्या हातून सोडवून थेट परदेशी भाव मिळवून द्यावा, हा त्यामागचा विचार. पहिल्या खेपेला दीड-दोन हजार जनावरं आणि पुढं लाखापर्यंत, असं बोललं जात होतं. 30 जूनचा मुहूर्त होता. जैन समाजातून आणि प्राणिमित्र संघटनांकडून जोरदार विरोध झाला, आणि विमान उडण्याआधीच कार्यक्रम थांबला. दुसरीकडं नाशिकच्या ओझर विमानतळावरून मात्र शेळ्या-मेंढ्या आखातात गेल्या.

आमच्याकडं टपरीवर या गोष्टीचे दोन तट पडले. एक म्हणाला, बरं झालं, मुक्या जिवाचं पाप वाचलं. दुसरा म्हणाला, वाचलं कुठं? विमानात गेली नाहीत ती जनावरं काय म्हातारपणापर्यंत जगली? ती इथल्याच बाजारात गेली, इथंच कापली गेली; भाव तेवढा कमी आला. कापण्याला विरोध नव्हता, उडण्याला होता.

दुसऱ्या माणसाच्या बोलण्यात तथ्य आहे; पण ते अर्धं आहे. विरोध करणाऱ्यांत अशी माणसं होती की ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजलं नाही. त्यांच्या दयेची किंमत ते रोज आपल्या ताटात मोजतात, म्हणून त्यांच्या शब्दाला मान दिला पाहिजे. पण त्या दिवशी विमान थांबलं त्याची किंमत त्यांच्या ताटातून गेली नाही. ती मेंढपाळाच्या पदरातून गेली, आणि त्याला कोणी विचारलं नाही. दया करायची तर ती आपल्या खिशातून करावी, दुसऱ्याच्या खिशात हात घालून करू नये, एवढी साधी गोष्ट आहे. मेंढपाळाला जो भाव मिळणार होता तो देऊन कोणी ती जनावरं घेतली असती, मरेपर्यंत पोसली असती, तर ती खरी दया ठरली असती. लाखभर जनावरांना असं पोसणं कोणाच्या आवाक्यातलं नाही, हेही तितकंच खरं. मग ज्याच्या आवाक्यात नाही त्यानं निदान मेंढपाळाला पापी म्हणू नये.

बैलाच्या बाबतीत आम्ही हे जवळून पाहिलं. गोवंशातल्या गाईच्या कत्तलीला महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच; मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले, आणि मे 2016 मध्ये उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे आम्ही तूप-हळदीनं शेकतो, त्या बैलाला कोणी कापू नये, ही भावना आमचीही आहे. ती खोटी नाही. पण पंधरा वर्षं राबून थकलेला बैल पोसायला कडबा लागतो, आणि नवी जोडी घ्यायला पैसा. पूर्वी जुन्या बैलाच्या पैशात थोडी भर घालून नवा यायचा. ज्याच्याकडं दहा एकर आहेत तो थकलेल्या बैलाला कोठ्यात मरू देतो, आणि ते शोभतंही. ज्याच्याकडं दोन एकर आहेत तो रात्री दावं सोडतो आणि बैलाला रस्त्यावर हाकलतो. तो बैल मग लोकांच्या पिकात शिरतो, काठ्या खातो, नाहीतर ट्रकखाली येतो. कायद्यानं त्याला सुरीपासून वाचवलं. भुकेपासून कोण वाचवणार हे ठरलं नाही.

या भागाला ही चर्चा नवी नाही. इथून जवळच, वर्ध्याला, गांधीजींनी गोसेवेचा विचार केला तो भाबडेपणानं केला नव्हता. गाय पैशाच्या हिशोबात टिकली नाही तर ती भक्तीनं टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून चांगली पैदास, भरपूर दूध आणि नैसर्गिक मरण आलेल्या जनावराच्या कातड्याचा उपयोग, हे तिन्ही त्यांच्या गोसेवेत होतं. नालवाडीचं चर्मालय त्यातूनच उभं राहिलं. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत याच कामाला वाहून घेतलं. आणि बकरीचं तर गांधीजींशी नातंच होतं. कलकत्त्याकडं गाई-म्हशींचं दूध काढताना केले जाणारे हाल कळल्यावर त्यांनी दूध सोडलं होतं. पुढं 1919 च्या सुमारास आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, बकरीचं कुठं होतं? त्यांनी बकरीचं दूध घेतलं. पण व्रताचा शब्द पाळला गेला, त्याचा आत्मा नाही, असं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जगण्यासाठी जनावराकडून काही घेतलं; घेताना ते फुकटचं नाही, त्याचा हिशोब आपल्या मनाला द्यायचा आहे, हे ते विसरले नाहीत.

आता विमानाकडं आणि जहाजाकडं परत येऊ. जिवंत जनावर परदेशी पाठवण्याविरुद्धचा खरा आक्षेप मला मेंढपाळाच्या नफ्यात दिसत नाही. तो अंतरात दिसतो. ऑस्ट्रेलियातून आखातात मेंढ्या नेणाऱ्या 'अवासी एक्सप्रेस' या जहाजावर 2017 मध्ये एकाच फेरीत सुमारे 2,400 मेंढ्या उष्म्यानं मेल्या. जहाजावरच्याच एका अधिकाऱ्यानं केलेलं चित्रण एप्रिल 2018 मध्ये दूरदर्शनवर दाखवलं गेलं तेव्हा तिकडचे मेंढीपाळ शेतकरीही हादरले. त्यांनी मेंढ्या नीट वाढवल्या होत्या, नीट विकल्या होत्या. पुढं काय होतं हे त्यांना दिसत नव्हतं. नोव्हेंबर 2019 मध्ये रुमानियाच्या किनाऱ्याजवळ 'क्वीन हिंद' हे जहाज 14,000 हून जास्त मेंढ्यांसह उलटलं. वाचल्या त्या जेमतेम दोनशेच्या आत. न्यूझीलंडनं एप्रिल 2023 अखेर समुद्रमार्गे जिवंत जनावरं पाठवणं बंद केलं. ऑस्ट्रेलियानं 1 मे 2028 पासून जहाजानं जिवंत मेंढ्या पाठवायच्या नाहीत असा कायदा केला. हे देश मांस विकणं सोडत नाहीत. जनावराचा शेवट आपल्या नजरेच्या टप्प्यात, आपल्या कायद्याखाली व्हावा, आणि पुढं मांस जावं, असा हा विचार आहे.

आपल्याकडं जून 2023 मध्ये केंद्रानं 1898 च्या जुन्या कायद्याच्या जागी जनावरांच्या आयात-निर्यातीचा नवा मसुदा पुढं आणला होता. विरोध झाला आणि थोड्याच दिवसांत तो मागं घेतला गेला. पुन्हा तेच झालं. एका बाजूनं जनावर हा निव्वळ माल, दुसऱ्या बाजूनं जनावर म्हणजे देव, आणि मधे उभा असलेला पाळणारा कोणाच्या बोलण्यात नाही.

मी काही दिवस गावी राहिलो. आमच्या घराशेजारी एक बाई राहते. नवरा नाही, शेत नाही, तीन बकऱ्या आणि एक पोरगी. तिला विचारलं, बोकड विकताना कसं वाटते? ती म्हणाली, "भाऊ, वाईट तं वाटतेच. पण बकरी नसती तं पोरीची फी कोठून भरली असती मी? बकरीवर मया हाय माही. पोरीवर जास्त हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "फक्त तो गाडीवाला पाय बांधून एकावर एक फेकते नं, थे नाई पाहवत. तेवढं नोको करू म्हनावं. पैसे दोन कमी देशीन तं दे."

नीतीच्या पुस्तकांत जे शोधत होतो ते या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या लेकराच्या भाकरीसाठी जनावर विकणं हे पाप नाही. जनावर उद्या मरणार आहे म्हणून आज त्याचे हाल झाले तरी चालतील, हे पाप आहे. आणि 'पैसे दोन कमी दे' म्हणणारी ती, तीन बकऱ्यांची मालकीण, आपल्या दयेची किंमत स्वतः मोजायला तयार होती. पन्नास लाखांच्या प्रकल्पवाल्यानं निदान तिच्याइतकं तरी करावं.

हे केल्यानं धंदा बुडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. निर्यातीचा रस्ता मुळात रोगाशी येऊन अडतो. जिथं लाळ्या-खुरकूत आहे, पीपीआर आहे, तिथलं जनावर आणि मांस घ्यायला पुष्कळ देश तयार नसतात. म्हणून पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, वेळच्या वेळी जंताचं औषध, कोरडी बसायची जागा, ही दया आहे आणि गुंतवणूकही आहे. व्यापारी आज पाठीवरून हात फिरवून, नाहीतर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो. त्याजागी गावात वजनकाटा आला तर बाईच्या बोकडाचे चार किलो कोणी खाणार नाही. चांगला वाढलेला बोकड आधी विकला जातो आणि किडमिडा कळपात उरतो, म्हणून आपल्या बेरारीचं वाण उतरत जातं. चार गावांनी मिळून एक उत्तम बोकड राखला तर पुढची पिढी सुधारते. गाडीत किती जनावरं भरायची, वाटेत पाणी कुठं द्यायचं, याचे नियम सरकारनं केलेले आहेत. ते पाळले तर वजनही घटत नाही. आणि कत्तलखाना स्वच्छ, जवळचा आणि तपासणीचा असला, तर मांस इथून जाईल आणि मजुरी इथं राहील.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर नफा काय उरणार? थोडा कमी उरेल. ज्याच्या जिवावर तो नफा आहे त्याचं तेवढं देणं असतंच. कोणी उलट म्हणेल, शेवटी मारणारच ना, मग या अटी म्हणजे मनाची समजूत. तसं नाही. आपणही शेवटी मरणारच आहोत. म्हणून मधल्या दिवसांना अर्थ नाही असं आपण स्वतःबद्दल कधी म्हणत नाही. बकरीचं आयुष्य आपल्याहून लहान आहे, म्हणून त्यातला एकेक दिवस मोठा आहे.

मी सही केली. आधी पुतण्याशी बोललो, आणि तीन गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घेतल्या. शेडात राबणाऱ्या माणसाला पगारासोबत पिल्लांतही वाटा, जुन्या बटईसारखा. काही पाठी दरवर्षी गावातल्या बिनशेतीच्या बायांकडं अर्ध्या वाट्यानं. आणि कोणत्याही व्यापाऱ्याला जनावर देण्याआधी ते कुठं जातं, कसं जातं, हे एकदा तरी स्वतः सोबत जाऊन पाहायचं. पहिल्या दोन गोष्टींवर तो लगेच हो म्हणाला. तिसरीवर अडला. "काकाजी, थे पाहून आलो तं मग विकूच शकणार नाई मी." मी म्हटलं, "मग ते पाहवंल असा गिऱ्हाईक शोध. भाव कमी देत असंल तरी." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाहतो." या 'पाहतो'चा अर्थ काय निघतो ते पुढची दोन-तीन वर्षं सांगतील. शेडवर पत्रे चढलेत, पहिली खेप या दिवाळीनंतर यायची आहे.

आजीचा बाजार पवनी-नागभीडपर्यंत होता आणि तिची नजरही तिथवर पोचत होती, म्हणून तिला दावं काढून घेणं शोभत होतं. आज बाजार शारजापर्यंत गेला आहे आणि नजर मात्र गावच्या फाट्यावरच थांबते. जिथवर नजर पोचते तिथवरच विकावं. नाहीतर जिथवर विकतो तिथवर नजर पोचवावी. यातलं पहिलं एकट्या माणसाला जमण्यासारखं आहे. दुसऱ्यासाठी डॉक्टर लागतो, काटा लागतो, कायदा लागतो, आणि खाणाराही लागतो. कारण दाव्याचं एक टोक विकणाऱ्याच्या हातात असलं तरी दुसरं ताटापर्यंत जातं. नागपुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं हे जनावर कुठून आलं आणि कसं आलं हे विचारायला काही खर्च येत नाही. विचारणारे वाढले तर उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर द्यावं लागणार हे कळलं की गाडीवाला जनावरं फेकताना दोनदा विचार करील.